पडून राहिलेला अर्ज

(जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



मला या शिबिराला बोलवलं तेव्हा संयोजक ताईंनी विषय विचारला. मी म्हटलं, "कोड रिव्ह्यूच्या विनंत्या येतात, त्यांचं आम्ही काय करतो, यावर बोलेन." फोनवर पलीकडं जरा वेळ शांतता. मग ताई म्हणाल्या, "अगं, आमच्या बायांना यातलं काय कळणार?" मी म्हटलं, "ताई, त्यांना माझ्याइतकंच कळतं. त्या त्याला वेगळं नाव देतात, एवढंच." त्यामुळं आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे, पण तुमच्याच शब्दांत. कुठं अडलं तर हात वर करा, मी थांबेन.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर शेवगाव तालुक्यातलं. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी राहुरी, नेवासा करत आमच्याकडं येतं. येतं म्हणजे, यायला पाहिजे. आम्ही टेलचे लोक. लहानपणी वडील पाणी मागणीचा ७ नंबरचा फॉर्म भरायचे आणि मग वाट बघायचे. आवर्तन सुटलं की वरचे भिजवून घ्यायचे, आणि आमच्या चारीला कधी पाणी यायचं, कधी नुसता ओलावा. अर्ज सगळ्यांनीच केलेला असायचा. वाट मात्र ठरावीक लोकच बघायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं मी तिच्याकडं परत येणार आहे.

मी नगरला कॉम्प्युटरची पदवी घेतली, पुण्यात १२ वर्षं नोकरी केली, सासूबाईंच्या आजारपणात परत आले आणि इथंच राहिले. पोटापाण्याचं काम घरून करते. त्याशिवाय आम्ही काही जणी आणि काही जण मिळून बचत गटाच्या हिशोबाचा एक प्रोग्राम चालवतो. तो मुक्त आहे. म्हणजे कुणीही तो फुकट वापरावा, त्याची आतली लिखावट उघडून बघावी, आणि चूक दिसली तर दुरुस्त करून आमच्याकडं पाठवावी.

वाचून दाखवणं

कोड रिव्ह्यू म्हणजे काय? तुमच्या गटाची मासिक बैठक डोळ्यांपुढं आणा. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते आले, सचिवबाईंनी वहीत लिहिलं. बैठक उठायच्या आधी त्या काय करतात? हिशोब वाचून दाखवतात. कुणीतरी म्हणतं, "थांबा, माझे दोनशे नाही, अडीचशे आहेत." मग वही परत तपासली जाते. सचिवबाई प्रामाणिक आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही वाचून दाखवायचं, कारण चूक लिहिणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याच्या डोळ्याला दिसते. पंचसूत्रीत हिशोब लिहिणं नियमित पाहिजे असं आपण म्हणतो, त्यामागं हेच आहे.

प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. त्या लिखावटीला कोड म्हणतात. एकानं लिहिला की दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ वाचायचा, प्रश्न विचारायचे, आणि पटल्यावरच मूळ वहीत घ्यायचा. ही रीत पद्धतशीर मांडली ती आयबीएम कंपनीतल्या मायकेल फॅगन यांनी, १९७६ साली. आता जगभर बहुतेक सगळे गंभीर प्रोग्राम असेच लिहिले जातात. कोड लिहिणारा आपलं काम पाठवतो आणि म्हणतो, हे बघा आणि घ्या. ही झाली तपासणीची विनंती. मी तिला सरळ अर्ज म्हणते.

वाचणारा चुकला किंवा घाईत असला तर काय होतं? ओपन एसएसएल नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. आपला पासवर्ड, बँकेचा नंबर इंटरनेटवरून जाताना कुणी वाचू नये म्हणून जगातल्या असंख्य वेबसाइटी त्याच्या भरवशावर असतात. २०११ च्या अखेरीस त्यात एक सुधारणा आली. एकानं लिहिली, दुसऱ्यानं वाचली, दोघांच्याही नजरेतून एक तपासणी राहून गेली. ती चूक कळली एप्रिल २०१४ मध्ये. मधली दोन वर्षं जगाची कुलपं किलकिली होती. हा प्रोग्राम सांभाळणारी माणसं तेव्हा मूठभर होती. वापरणारं सारं जग, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या घरांची रीत काही वेगळी नाही. जेवणारे दहा, रांधणारी एक.

बाराशे रुपये

आता आमची गोष्ट. ही सांगायला मला सोपी जात नाही, कारण यात चूक माझी आहे.

२०२२ चा उन्हाळा. आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या एका गटात पाच जणींनी प्रत्येकी १०,००० रुपये कर्ज घेतलेलं. व्याज महिन्याला शेकडा २. कांद्याचे पैसे आले म्हणून मे महिन्यात पाचही जणींनी एकदम चार-चार हजार भरून टाकले. मुद्दल राहिलं ६,०००. म्हणजे पुढच्या महिन्यापासून व्याज किती? तुम्ही तोंडी सांगाल, १२०. त्या बायांनीही तोंडी हिशोब केला आणि १२० च दिले. सचिवबाईंनी तेवढेच घेतले. आमचा प्रोग्राम मात्र मध्येच मोठी रक्कम भरली की गोंधळायचा. तो जुन्याच १०,००० वर व्याज धरत राहिला. दर महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये आले असं तो आपलं आपणच जमा दाखवायचा. एकीमागं ८० रुपयांचा फरक. पाच जणी, तीन महिने. ऑगस्टच्या बैठकीत मोबाईलनं सांगितलेली शिल्लक आणि पेटीतली रोकड यांत १,२०० रुपयांची तूट आली.

कागदी वही त्यांनी मार्चमध्येच बंद केली होती. आम्हीच सांगितलं होतं, आता वहीची गरज नाही म्हणून.

पुढं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. सचिवबाई चौथी शिकलेल्या, १० वर्षं गट सांभाळणाऱ्या. कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. पण "मशीन कशाला खोटं बोलेल?" एवढं कुणीतरी म्हणालं, आणि ते पुरलं. नवऱ्यानं घरी दोन दिवस डोकं खाल्लं. बाईंनी शेजारणीकडून उसने घेऊन १,२०० रुपये पेटीत भरले आणि सांगितलं, मला आता हे काम नको.

आणि आता ऐका. ही चूक आधीच सापडलेली होती. अकोले तालुक्यातली एक कॉलेजात शिकणारी मुलगी. तिच्या आईच्या गटातही असंच झालं. आईचा तोंडी हिशोब आणि मोबाईल जुळेना. घरात सगळे म्हणाले आईचंच चुकतंय. या पोरीनं आईवर विश्वास ठेवला, कोड उघडला, चूक शोधली, १४ ओळींची दुरुस्ती केली, उदाहरणं जोडली आणि जुलैच्या मध्यात आमच्याकडं अर्ज पाठवला. तो पडून राहिला. ४३ दिवस. त्या गटाच्या सचिवबाई पेटीत पैसे भरत होत्या तेव्हा दुरुस्ती लिहून तयार होती, माझ्यापुढच्या यादीत होती, आणि मी ती उघडली नव्हती.

मी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, एकदा आठवण तरी करायची!" ती म्हणाली, "ताई, सारखं सारखं कसं विचारायचं? बरं दिसत नाही. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तुम्ही बोलत नाही."

मग मी त्या गटाच्या बैठकीला गेले, सगळ्यांपुढं कोड आणि आकडे मांडले आणि माफी मागितली. सचिवबाई बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडं अर्ज पडून होता. मला वाटलं, हे फक्त तलाठ्याकडं होतं."

कुणाचा अर्ज आधी उघडतो?

त्या रात्री मी आमची यादी काढून बसले. २७ अर्ज पडून होते. आणि त्याच ४३ दिवसांत मी कुणाचे अर्ज पाहिले होते तेही बघितलं. त्यात बहुतेक ओळखीची नावं होती. पुण्यात बरोबर काम केलेले मित्र. दिवसातून दोनदा "झालं का?" विचारणारे. एकानं तर पडद्यावरच्या बटणाचा रंग बदलला होता, तो अर्ज मी एका संध्याकाळी मोकळा केला. मी काही ठरवून कुणाला मागं ठेवलं नव्हतं. मी कसलंच ठरवलं नव्हतं, आणि म्हणूनच तसं झालं. नियम नसला की रांग आपोआप लागते, आणि ती जगात आधीपासून लागलेली असते तशीच लागते. जवळचे पुढं, आवाजवाले पुढं, आणि "बरं दिसत नाही" म्हणून गप्प बसणाऱ्या शेवटी.

हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी गिटहब या ठिकाणचे लक्षावधी अर्ज तपासले. जगभरातले लोक तिथं आपला कोड ठेवतात. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकंदरीत पाहिलं तर बायांचे अर्ज पुरुषांपेक्षा थोडे जास्तच मंजूर होत होते, शंभरात साधारण चार जास्त. म्हणजे काम चांगलं होतं. पण जी त्या प्रकल्पात नवखी आहे, आणि नावावरून किंवा फोटोवरून बाई आहे हे कळतंय, तिथं चित्र उलटं झालं. तिथं पुरुषांचे अर्ज जास्त मंजूर झाले. बाई आहे हे कळत नव्हतं तोवर ठीक होतं.

दुसरा अभ्यास गूगल कंपनीच्या आतला, २०२२ साली छापलेला. तपासणीत गरजेपेक्षा जास्त अडवणूक, पुन्हा पुन्हा आक्षेप, हा प्रकार कुणाच्या वाट्याला येतो ते त्यांनी पाहिलं. बाईच्या वाट्याला तो येण्याचा संभव पुरुषापेक्षा २१ टक्क्यांनी जास्त निघाला. वंश आणि वय यांच्यामुळंही फरक पडत होता. पगार घेणाऱ्या, शिकल्या-सवरलेल्या, एकाच कंपनीतल्या माणसांमध्ये हे चालतं.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. पुण्यात असताना मी एका मोठ्या मुक्त प्रकल्पाला दुरुस्त्या पाठवायची. पूर्ण नावानं पाठवलेल्या दोन नुसत्या पडून राहिल्या. तिसरी मी नुसत्या आद्याक्षरांनी पाठवली, तिला दोन दिवसांत उत्तर आलं, आणि त्यात मला "भाऊ" म्हटलं होतं. यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण ते "भाऊ" माझ्या लक्षात राहिलं. आणि हे ठाऊक असूनही, खुर्चीत मी बसल्यावर मी तेच केलं. म्हणून सांगते, बाई खुर्चीत बसली की प्रश्न सुटला असं समजू नका. १९४६ साली अमेरिकेत एनियाक हा पहिल्या कॉम्प्युटरांपैकी एक जगापुढं आला. त्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्या सहाही जणी बायाच होत्या. पुढं कित्येक दशकं त्यांची नावं कुणाला फारशी ठाऊक नव्हती. बाया होत्या, पण कुणाचं नाव वर यायचं ही रीत तशीच राहिली.

वाचणारीचं काय?

आता दुसरी बाजू. अर्ज पडून राहिला, त्यात दोष माझा होताच. पण त्या ४३ दिवसांत मी काय करत होते? नोकरी, सासूबाईंचं औषधपाणी, पोराची दहावी, आणि रात्री ११ नंतर हे. आमच्याकडं लिहिणारे बरेच, वाचणाऱ्या आम्ही दोघी. कारण नवीन काही लिहिलं की त्यावर नाव लागतं, कौतुक होतं, नोकरीच्या अर्जात दाखवता येतं. दुसऱ्याचं वाचून चूक काढली, ती नीट समजावून सांगितली, तर ते कुठंच दिसत नाही. आज किती भाकरी केल्या हे जसं कुणी मोजत नाही, तसंच हे. केलं तर दिसत नाही, राहिलं तरच दिसतं.

आणि थकलेल्या वाचणाऱ्याचा फायदा घेणारेही असतात. एक्सझेड नावाचा एक लहानसा मुक्त प्रोग्राम आहे, फाइल दाबून लहान करणारा. जगातल्या पुष्कळ कॉम्प्युटरांत तो आत कुठंतरी असतो. वर्षानुवर्षं एकच माणूस तो बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागं तगादा सुरू झाला. अर्ज का पडलेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यानं लिहिलं होतं की माझी मनाची तब्येत बरी नाही, आणि हे मी हौसेनं, बिनपैशाचं करतो. तगादा थांबला नाही. शेवटी जो मदतीला म्हणून आला होता आणि गोड बोलून विश्वास कमावत होता, त्याच्या हातात बराचसा कारभार गेला. त्यानं २०२४ च्या सुरुवातीला आत एक चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपलं मशीन अर्धा सेकंद उशीर का लावतंय असा संशय आला, म्हणून ते उघडकीला आलं. तगादा लावणारी ती नावंही बनावट असावीत असाच अनेकांचा समज आहे.

म्हणून मी असं म्हणत नाही की अर्ज आला की लगेच मंजूर करा. घाईनं मंजूर केलेला अर्ज पडून राहिलेल्या अर्जाइतकाच महागात पडतो. आता तर यंत्राकडून घडीभरात कोड लिहून घेता येतो. लिहिणं स्वस्त झालं, अर्जांचे ढीग येतात, आणि वाचायला माणूस तेवढंच. दोन्ही टोकांना माणूसच आहे, वाट पाहणारा आणि वाचणारा. दोघांनाही न्याय मिळेल अशी रीत पाहिजे.

शेजपाळी

रीत शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पाटाच्या पाण्याची शेजपाळी तुम्हाला माहीत आहे. अर्ज घ्यायचे, कुणाला किती ते मंजूर करायचं, पाळीपत्रक लावायचं, आणि पाणी शेपटाकडून डोक्याकडं द्यायचं. टेल टू हेड. कागदावर तरी नियम हाच आहे. माझे वडील सांगायचे, नियम करणारा शहाणा होता, त्याला माहीत होतं की वरचा कधी उपाशी राहत नाही. मी आमच्या बैठकीत हेच मांडलं. बरेच दिवस वाद झाला. एक जण म्हणाला, "रांग कशाला? गुणवत्तेवर चालू द्या." तेव्हा त्या अकोल्याच्या पोरीनं उत्तर दिलं. ती म्हणाली, "गुणवत्ता अर्ज उघडल्यावर कळते. न उघडलेल्या अर्जाची काय गुणवत्ता?"

मग आम्ही जे ठरवलं ते सांगते. यातलं तुमच्या कामाला जे लागेल ते घ्या.

एक. सुरुवात शेपटापासून. आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्यात जुना अर्ज आणि पहिल्यांदाच आलेल्या माणसाचा अर्ज, हे दोन आधी उघडायचे. ओळखीचे नंतर.

दोन. आठ दिवसांत उत्तर. मंजुरी नव्हे, उत्तर. "मिळाला, या महिन्यात जमणार नाही, अमुक बघेल," एवढंही चालेल. गप्प राहायचं नाही. गप्प राहिलं की समोरची स्वतःलाच दोष देते.

तीन. आठवण करणं हे अर्जदाराचं काम नाही. ज्याच्याकडं अर्ज पडला आहे त्याचं काम आहे. दर शनिवारी यादी सगळ्यांपुढं येते, किती पडलेत, किती दिवस, कुणाकडं. तगादा लावून नंबर पुढं जात नाही, आणि लाजून मागं राहत नाही.

चार. पैशाच्या हिशोबाला हात लावणारा अर्ज रांग मोडून पुढं येतो. पण का आणला ते लिहायचं, आणि तो दोघींनी वाचायचा.

पाच. अर्ज लहान पाहिजे. एका बैठकीत वाचून होईल एवढा. एकात चार कामं घातली तर परत पाठवतो, कसा तोडायचा ते सांगून.

सहा. शेरा कोडवर, माणसावर नाही. "हे काय केलंस" असं लिहायचं नाही. "या ओळीत भरलेली रक्कम वजा होत नाही" असं लिहायचं. नाकारलं तर कारण द्यायचं.

सात. वाचण्याची पाळी सगळ्यांवर. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचंही. नवख्याबरोबर महिनाभर एक जुनी बसते. आणि जिनं वाचलं तिचं नाव लिहिणाऱ्याच्या नावाखाली लागतं. लिनक्ससारख्या मोठ्या प्रकल्पात तपासणाऱ्याचं नाव नोंदवायची रीत आहेच, आम्ही तीच उचलली. कुणाला पाळी जमणार नसेल तर तिनं तसं सांगावं, त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही.

एक गोष्ट करून पाहिली आणि सोडून दिली. नावं झाकून अर्ज पाहायचे. मोठ्या कंपनीतही हे करून बघितलं, पण वाचणाऱ्याला पुष्कळदा लिहिणारा ओळखू येतोच. आम्ही तर १५ माणसं, प्रत्येकाचा हात ओळखीचा. झाकून उपयोग नाही म्हटल्यावर उघड्या यादीवरच भरवसा ठेवला.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. दिवाळीत, परीक्षांच्या काळात अर्ज अजूनही साचतात. आता तेव्हा आम्ही पाटी लावतो, "या महिन्यात नवीन अर्ज घेत नाही." हे लिहायला मला सुरुवातीला फार जड गेलं. आपल्याला नाही म्हणायची सवय नाही. पण खोट्या आशेवर ठेवण्यापेक्षा ते बरं. पुरुष मित्रांपैकी दोघे वाचण्याच्या पाळीवरून सोडून गेले. बाकीचे राहिले, आणि आता नीट वाचतात. आणि आम्ही गटांना सांगतो, मोबाईल घ्या, पण वही बंद करू नका.

त्या सचिवबाई परत आल्या का, असं तुम्ही विचाराल. सचिवपदावर नाही आल्या. गटानं त्यांचे १,२०० रुपये परत केले, ठराव करून, वाचून दाखवून. पण नवीन काही दुरुस्ती आली की आम्ही ती त्यांच्याकडं नेतो. त्या कोड वाचत नाहीत. त्या म्हणतात, "समजा, तिनं मध्येच अडीच हजार भरले, मग काय करेल तुमचं यंत्र?" गेल्या वर्षी त्यांच्या अशा एका प्रश्नानं एक चूक पकडली. तपासणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे.

शेवटचं सांगते आणि थांबते. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई रोज दरबारात बसून रयतेचं गाऱ्हाणं स्वतः ऐकायच्या, हे त्यांच्याबद्दल इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे. आपण पाटी बदलली. पण आपल्या संघटनेच्या कपाटात काय आहे ते बघा. समुपदेशन केंद्रात आलेले अर्ज, गावच्या कार्यकर्तीनं लिहून पाठवलेला लेख, नव्या मुलीनं सुचवलेला कार्यक्रम. कुणाचं आधी उघडतं? पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या ताईंचं, का पाथर्डीच्या, कधी न पाहिलेल्या बाईचं? आणि उघडून वाचण्याचं काम कोण करतं? एकच जण, रात्री, घरचं आवरून?

घरी गेल्यावर एक कागद घ्या. पडलेल्या सगळ्या अर्जांची नावं आणि तारखा लिहा, आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्या २७ अर्जांची यादी मी वाचली तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. पण कामाला सुरुवात तिथूनच झाली.

एवढं बोलून थांबते. आता तुम्ही विचारा.